आगबोटवाल्या खासदाराचं चरित्र कसं जुळवायचं : डोनाल्ड करीच्या कागदपत्रांवरून

व्हिक्टोरियन काळातल्या एखाद्या जहाजमालकानं पुढे पार्लमेंट गाठलं असेल, तर त्याच्यावर लिहिणाऱ्याचा हात आधी भाषणांकडे आणि पदव्यांकडे जातो. तिथून सुरुवात करू नका. या लोकांची चरित्रं ते हयात असतानाच एका ठरावीक साच्यात बसवली गेली होती: साधं घर, लहानपणी कारकुनी, पहिलं जहाज, मोठा ताफा, ‘सर’की, दानधर्म. यातलं बरंचसं खरंही असतं. पण पैसा कुठून आला, वारा कुठे फिरला आणि सभागृहातली खुर्ची कशासाठी हवी होती, हे त्या साच्यातून कळत नाही. ते जहाजांच्या नोंदींतून कळतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जहाजं, मग कंत्राटं, मग पार्लमेंट, आणि घर-संसार-जमीनजुमला सगळ्यात शेवटी.

नमुना म्हणून डोनाल्ड करी घेऊ. 17 सप्टेंबर 1825 ला स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला जन्म, वडील न्हावी, बालपण आयर्लंडमधल्या बेलफास्टला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ग्रीनॉकच्या जहाजी कचेरीत नोकरी लागली. 1844 पासून लिव्हरपूलला क्युनार्ड या जहाज कंपनीत. 1862 मध्ये स्वतःची जहाज कंपनी, कॅसल लाइन. 1880 ते 1900 हाउस ऑफ कॉमन्समध्ये. मृत्यू 13 एप्रिल 1909. त्याचे कागद बऱ्यापैकी टिकलेत आणि नवखा संशोधक ज्या चुका करतो त्या जवळपास सगळ्या त्याच्या बाबतीत करता येतात, म्हणून सरावाला हा माणूस चांगला.

सांगाडा

स्प्रेडशीट उघडा. पाच रकाने करा: तारीख, जहाज किंवा कंपनी, पार्लमेंट किंवा सरकार, घर किंवा जमीन, आणि पाचवा ‘हे कुठे सापडलं’. पाचवा रकाना कंटाळवाणा आहे, पण तो रिकामा असलेली ओळ मजकुरात वापरायची नाही, असा नियम आजच करून टाका.

करीसाठी पहिल्या ओळी अशा पडतील. इंग्लंडचे नौकानयन कायदे 1849 मध्ये रद्द झाले आणि परदेशी बंदरांतला व्यापार खुला झाला. त्याच सुमारास क्युनार्डनं त्याला फ्रान्समध्ये ल हाव्रला धाडलं. 1854 ला तो लिव्हरपूलला परतला. 1862 ला शिडाची जहाजं घेऊन लिव्हरपूल–कलकत्ता मार्गावर उतरला. 1869 ला सुएझ कालवा उघडला. 1872 ला तो आगबोटी घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या केप मार्गावर आला.

शेवटच्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की काम अर्धं झालं. शिडाच्या जहाजाला कालवा जवळपास निरुपयोगी होता: आत ओढून न्यावं लागे, आणि पुढे तांबड्या समुद्रातला वारा साथ देत नसे. आगबोटीला मात्र हजारो मैल वाचत होते. म्हणजे केपला वळसा घालून कलकत्त्याला जाणाऱ्या शिडांच्या धंद्याला घरघर लागणार हे दिसत होतं. दुसरीकडे किंबर्लीच्या हिऱ्यांनी केपचा व्यापार वाढत होता, आणि केपला जायला कालव्याचा आडमार्ग कोणाच्याच कामाचा नव्हता. करीचं ‘द्रष्टेपण’ वगैरे लिहायच्या आधी ही गणितं लिहा.

जहाजांच्या नोंदी

जहाजाचं नाव हा सगळ्यात फसवा धागा आहे. कॅसल लाइननं नावं पुन्हापुन्हा वापरली: ‘एडिनबरा कॅसल’ 1872 चं आहे, 1910 चं आहे आणि 1948 चंही आहे. नुसत्या नावानं शोधलंत तर एका जहाजाचा कप्तान दुसऱ्याच्या अपघातात बुडेल. ब्रिटिश जहाजाला 1855 पासून एक अधिकृत क्रमांक मिळू लागला. नाव बदललं, मालक बदलला, बंदर बदललं तरी क्रमांक तोच. त्यामुळे प्रत्येक जहाजाची स्वतंत्र ओळ करा आणि पहिल्या चौकटीत तो क्रमांक भरा. पुढे बांधणीचं वर्ष आणि गोदी, लांबी, टनभार, शीड की वाफ, नोंदणीचं बंदर, मालक आणि शेवट (विकलं, मोडीत काढलं की बुडालं).

क्रमांक शोधायची सोपी जागा म्हणजे ‘क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट’ची मोफत साइट. तिथेच ‘मर्कंटाइल नेव्ही लिस्ट’चे, म्हणजे ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या अधिकृत यादीचे, वार्षिक खंडही पाहता येतात. ही यादी 1857 पासून निघते आणि 1865 पासून तिच्यात मालकाचं नाव येतं. लॉइड्स रजिस्टरचे, म्हणजे जहाजं तपासून त्यांना दर्जा लावणाऱ्या संस्थेच्या यादीचे, खंड इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. त्यांचं वर्ष जुलै ते जून असतं, म्हणून 1876 च्या खंडाचं वर्ष 1877 च्या जूनला संपतं. शिवाय लॉइड्समध्ये नाव घालणं सक्तीचं नव्हतं. तिथे जहाज नाही म्हणून ते अस्तित्वातच नव्हतं, असं समजू नका.

खरी मेख मालकीत आहे. ब्रिटिश जहाजाचे 64 हिस्से पाडले जात. छापील यादीत बहुधा एकच नाव असतं, ते व्यवस्थापक मालकाचं. त्याच्याकडे 64 पैकी 8 हिस्सेही असू शकतात, म्हणजे साडेबारा टक्के. बाकी भाऊ, सासरे, गोदीवाला, दोरखंडवाला, कापडवाला अशा मंडळींकडे विखुरलेले. छापील यादीतली सगळी जहाजं एकाच माणसाच्या तिजोरीत टाकून त्याची श्रीमंती काढणं ही या विषयातली सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक. हिश्शांचा तपशील हवा असेल तर लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी (बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे व्यापार खातं) 108 आणि 109 या मालिका मागवा. 1855 नंतरच्या नोंदण्या 108 मध्ये आणि खरेदी-विक्री 109 मध्ये आहे. नंतरच्या काळात नोंदणी बंद झालेली जहाजं बीटी 110 मध्ये सापडतात. या कागदांत गहाणखतंही असतात आणि ती डोळ्यात तेल घालून वाचा. बँकेनं कोणत्या वर्षी कोणत्या जहाजावर पैसे दिले हे समजलं, की ‘धाडसी विस्तार’ कोणाच्या पैशानं झाला तेही समजतं.

टनभाराबद्दल थोडं. नोंदणीचा टन हे वजन नसून घनफळ आहे: 100 घनफूट, म्हणजे सुमारे 2.83 घनमीटर. ‘ग्रॉस’मध्ये जवळपास सगळं बंदिस्त घनफळ येतं, ‘नेट’मध्ये इंजिन आणि खलाशांची जागा वजा होते. आगबोटीत हा फरक मोठा असतो. एका वर्षाचा ताफा ग्रॉसमध्ये आणि दुसऱ्या वर्षाचा नेटमध्ये मोजून वाढीचा आलेख काढलात तर तो आलेख खोटा ठरेल.

खलाशांच्या करारपत्रांची गंमत म्हणजे ती दोन देशांत, मुख्यतः तीन ठिकाणी विखुरलीत. 1863 ते 1938 मधली सुमारे 70 टक्के कॅनडात, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या मेरिटाइम हिस्टरी अर्काइव्हमध्ये. 5 नं संपणाऱ्या वर्षांची मुख्यतः ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये. क्यूला सुमारे 10 टक्के. म्हणून परगावी पत्र धाडायच्या आधी वर्षाचा शेवटचा आकडा पाहा. वेळ थोडा असेल तर 1865, 1875, 1885 अशी वर्षं निवडून एकाच ठिकाणी काम उरकता येतं.

टपालाचं कंत्राट

व्हिक्टोरियन आगबोट-कंपनीचा कणा प्रवासी नव्हेत आणि मालही नव्हे. कणा म्हणजे टपाल. टपालाचे पैसे ठरलेले आणि बारमाही, पण वेळापत्रक कडक. केपचं टपाल 1857 पासून युनियन लाइन या दुसऱ्या आगबोट-कंपनीकडे होतं. करी 1872 ला कंत्राटाशिवाय मार्गावर उतरला, जलद फेऱ्या करून दाखवल्या, आणि 1876 मध्ये टपाल दोन्ही कंपन्यांत विभागलं गेलं. दोघींनी विलीन व्हायचं नाही, अशी अटही त्यात होती. दोघींमधली चुरस केपच्या लोकांना हवी होती.

इथे शोधाची दिशा चुकते. खासदार म्हटल्यावर माणूस लंडनच्या पार्लमेंटचे कागद उपसत बसतो. पण 1876 चा निर्णय केप वसाहतीच्या सरकारचा होता. तेव्हा केप टाउनचे कायदेमंडळाचे कागद आणि तिथली वर्तमानपत्रं आधी बघा, लंडन नंतर.

आणि तारखा तपासा. 1876 मध्ये केपचे पंतप्रधान होते जॉन चार्ल्स मोल्टेनो. त्यांचा मुलगा पर्सी हा करीचा जावई. हे एका वाक्यात लिहिलं की वाचक मनातल्या मनात ‘अच्छा, म्हणून कंत्राट मिळालं!’ म्हणतो. लग्न झालं 1889 मध्ये, कंत्राटानंतर 13 वर्षांनी. संबंध सांगायचा असेल तर उलट्या दिशेनं सांगावा लागतो: धंद्यातून ओळख, ओळखीतून सोयरीक. सांगाड्याच्या चौथ्या रकान्यात तारखेशिवाय एकही सोयरीक लिहू नका.

1883 नंतरच्या कागदांत ‘कॉन्फरन्स’ हा शब्द दिसेल. ती परिषद नव्हे. दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या कंपन्यांनी मिळून भाडी ठरवण्याची ती व्यवस्था होती. जो व्यापारी ठरलेल्या काळात सगळा माल याच कंपन्यांच्या जहाजांतून पाठवेल त्याला भाड्यातला काही भाग उशिरानं परत; मध्येच बाहेरच्या जहाजाला माल दिला तर परतावा बुडाला. म्हणजे 1876 च्या अटीतून जपलेली चुरस भाड्याच्या बाबतीत कितपत उरली होती, हा प्रश्न चरित्रकारानं विचारायलाच हवा. 1900 मध्ये दोन्ही कंपन्या एक होऊन युनियन-कॅसल झाली, तेव्हा तो प्रश्नही निकालात निघाला.

पार्लमेंट

हॅन्सार्ड म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटमधल्या चर्चांचा छापील वृत्तान्त. त्याच्या जुन्या खंडांची ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ ही मोफत साइट आहे. प्रत्येक सदस्याचं स्वतंत्र पान आहे. करीसाठी दोन मतदारसंघ दिसतील: 1880 ते 1885 पर्थशायर, 1885 ते 1900 वेस्ट पर्थशायर. तो हरून दुसरीकडे गेला असं नव्हे. 1885 च्या फेररचनेत जिल्ह्याचे भाग पडले. ‘सर’ हे बिरूद 1881 चं, म्हणून त्यापूर्वीची भाषणं ‘मिस्टर डी. करी’ या नावाखाली शोधा आणि स्वतः लिहितानाही 1876 च्या प्रसंगात त्याला ‘सर डोनाल्ड’ म्हणू नका.

हॅन्सार्डवर आंधळा विश्वास नको. शब्दशः अधिकृत वृत्तान्त 1909 पासूनचा. त्याआधीची भाषणं बरीचशी वर्तमानपत्रांच्या बातम्यांवरून रचलेली असत आणि अनेकदा तृतीयपुरुषी: ‘माननीय सदस्य म्हणाले की…’. अशा मजकुराला अवतरणचिन्हं लावून करीच्या तोंडी घालायचं नाही. सारांश द्या, नाहीतर त्याच दिवसाच्या दोन वर्तमानपत्रांशी ताडून बघा.

भाषणांपेक्षा मतविभाजनाच्या याद्या बोलक्या. 1836 पासून त्या छापल्या जात. करीच्या बाबतीत 8 जून 1886 ची यादी उघडाच: आयर्लंडच्या होमरूल विधेयकाचं दुसरं वाचन, 341 विरुद्ध 311 मतांनी फेटाळलं गेलं. तीन वर्षांपूर्वीच, सप्टेंबर 1883 मध्ये, पंतप्रधान ग्लॅडस्टन आणि कवी टेनिसन करीच्या ‘पेम्ब्रोक कॅसल’वरून स्कॉटलंड, नॉर्वे, कोपनहेगन अशी सफर करून आले होते. कोपनहेगनला डेन्मार्कच्या राजघराण्यानं आणि रशियाच्या झारनं जहाजावर जेवण घेतलं. परवानगी न घेता परदेशात गेल्याबद्दल राणी व्हिक्टोरिया पंतप्रधानांवर रागावली. इतका जवळचा माणूस 1886 ला ग्लॅडस्टनचा लिबरल पक्ष सोडून लिबरल युनियनिस्ट, म्हणजे होमरूलला विरोध करणाऱ्या फुटीर लिबरल गटाचा, झाला. बेलफास्टचं बालपण इथे डोकं वर काढतं असं वाटतं; पण ते आपलं अनुमान म्हणूनच लिहा.

आणखी एक हिशेब मांडून ठेवा. 1911 पर्यंत खासदाराला पगार नव्हता. तेव्हा प्रथमच वर्षाला 400 पौंड ठरले. करीच्या काळात सभागृहात बसणं हाच खर्च होता. मग हा माणूस 20 वर्षं का बसला? उत्तराचा एक भाग खासदारकीच्या आधीच्या नोंदींत आहे. 1875 मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेवरून वादळ उठलं तेव्हा तो जहाजमालकांच्या समितीचा अध्यक्ष होता. 1876 मध्ये हिऱ्यांच्या प्रदेशावरचा ऑरेंज फ्री स्टेट या शेजारच्या बोअर प्रजासत्ताकाचा दावा 90,000 पौंडांवर मिटला, तेव्हा तो मध्यस्थ होता. म्हणजे सरकारच्या दारात त्याची ऊठबस निवडून यायच्या आधीच सुरू झाली होती.

जाता जाता: 1876 च्या कायद्यानं जहाजाच्या अंगावर भाररेषा (जिच्यावर पाणी येईल इतका माल भरायचा नाही ती खूण) रंगवणं सक्तीचं केलं, पण ती कुठे रंगवायची हे मालकावर सोडलं होतं. जागा कायद्यानं ठरली 1890 मध्ये. ‘1876 पासून जादा भार भरणं थांबलं’ असं वाक्य दिसलं की समजा, लिहिणाऱ्यानं कायदा वाचलेला नाही.

बातमीची तारीख आणि घटनेची तारीख

22 जानेवारी 1879 ला झुलूंनी इसान्ड्लवाना इथे ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. लंडनला हे कळलं 11 फेब्रुवारीला. तेव्हा केपहून इंग्लंडला तार नव्हती. बातमी आगबोटीनं उत्तरेकडच्या अटलांटिक बेटांपर्यंत यायची आणि तिथून तारेनं पुढे. टपालाची आगबोट हेच साम्राज्याचं तारायंत्र होतं आणि त्याची कळ अंशतः करीच्या हातात होती. दक्षिण आफ्रिका तारेनं जोडली गेली त्याच वर्षाच्या डिसेंबरात. म्हणून 1879 च्या आधीच्या वर्तमानपत्रातली तारीख घेताना तीन तारखा लिहा: घटना, बंदरात आगमन, छपाई.

शोधाचं तंत्र असं. ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हला पैसे पडतात. ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ मोफत आहेत आणि ब्रिटनच्या बातम्या तिथे पुन्हा छापून येत. ‘कॅसल’ हा शब्द टाकलात तर हजारो किल्ले मिळतील. जहाजाचं पूर्ण नाव, कप्तानाचं आडनाव आणि पंधरा दिवसांची मर्यादा एकत्र टाका. बंदराच्या रकान्यातला ‘स्पोकन’ म्हणजे भर समुद्रात दुसऱ्या जहाजाशी निशाणांनी बोलणं झालं. ते आगमन नव्हे.

अपघातांसाठी वर्तमानपत्रांवर थांबू नका. ‘ड्रमंड कॅसल’ 16 जून 1896 च्या रात्री फ्रान्सच्या उशां बेटाजवळ खडकावर आदळून बुडालं. तिघं वाचले, सुमारे 243 गेले. अशा प्रकरणांत ब्रिटिश व्यापार खात्याची चौकशी होई आणि अहवाल छापला जाई. अहवालात आधी निष्कर्ष वाचा, मग न्यायालयाला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. मार्ग, वेग, पाण्याची खोली मोजली की नाही, हे तिथे सापडतं. दानधर्माची यादी देणारा चरित्रकार हे पान बहुतेक वेळा गाळतो.

बोअर युद्धाचा भाग लिहिताना सबुरी ठेवा. 14 ऑक्टोबर 1899 ला सेनापती बुलर साउदॅम्प्टनहून ‘डनॉटर कॅसल’नं निघाले, तरुण वार्ताहर चर्चिल त्याच जहाजावर होता. मालक तेव्हा खासदार होता, ही वस्तुस्थिती. ‘म्हणून त्यानं युद्ध पेटवलं’ हे सिद्ध करायला सैन्यवाहतुकीचे करार आणि भाड्याचे आकडे लागतात.

पैसा

एक पौंड म्हणजे 20 शिलिंग, एक शिलिंग म्हणजे 12 पेन्स. ‘आजच्या किमतीत इतके कोटी’ असं एकच आकड्याचं रूपांतर देऊ नका. भाकरीच्या भावानं, मजुरीनं आणि राष्ट्रीय उत्पन्नानं तीन वेगवेगळी उत्तरं येतात. त्याच काळातली तुलना द्या. रुपयांत सांगायचंच असेल तर वर्ष पाहा: 1870 च्या सुमारास पौंडाला साधारण 10 रुपये, चांदी घसरल्यावर आणि शतकाच्या अखेरीस दर बांधल्यावर 15.

भारताशी धागा

करीचा पहिला स्वतंत्र धंदा कलकत्त्याचा, म्हणून जहाजांच्या आगमनाच्या नोंदी कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत शोधा. मुंबईच्या काळा घोड्याजवळच्या राज्य पुराभिलेखागारात या कंपनीसाठी दिवस घालवू नका. कोकणातले खलाशी हा तुमचा विषय असेल तर करी सोडा आणि मुंबईहून भरती करणाऱ्या पी अँड ओ कंपनीकडे वळा.

गांधीजींचा संदर्भ मात्र पक्का आहे. 1906 मध्ये ते ट्रान्सवालच्या हिंदी लोकांचं गाऱ्हाणं घेऊन ‘आर्मडेल कॅसल’नं इंग्लंडला गेले, आणि नोव्हेंबर 1909 मध्ये परतताना ‘किल्डोनन कॅसल’वर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहिलं. ‘करीच्या जहाजावर’ असं मात्र लिहू नका. तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वारला होता आणि कंपनीचं नाव 1900 पासून युनियन-कॅसल होतं.

घर, जमीन, मृत्युपत्र

दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत 1851 ला तो सापडला नाही तर बिचकू नका. ती वर्षं त्याची ल हाव्रची. 1841 च्या जनगणनेत प्रौढांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत, म्हणून त्यावरून जन्मवर्ष काढायचं नाही. स्कॉटलंडच्या नोंदी ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी साइटवर, थोड्या पैशांत. सरकारी जन्मनोंदणी तिथे 1855 पासूनची, त्याआधी चर्चची वही. डोनाल्ड करी हे नाव पश्चिम स्कॉटलंडमध्ये अनेकांचं आहे; वडिलांचं नाव जेम्स आणि धंदा जुळल्याशिवाय नोंद उचलू नका.

पर्थशायरमधली गार्थची इस्टेट त्यानं 1880 ला घेतली, नंतर ग्लेनलायन. 1870 च्या दशकातल्या जमीनमालकांच्या प्रसिद्ध सरकारी यादीत त्याची पर्थशायरची जमीन नसणारच. निवडून आल्याचं साल आणि जमीन घेतल्याचं साल एकच आहे, हे सांगाड्यात शेजारी मांडा. कोणतं आधी, महिना कोणता, हे जमिनीच्या व्यवहारांच्या स्कॉटिश नोंदवहीतून, म्हणजे रजिस्टर ऑफ सेझिन्समधून, काढता येतं. फोर्टिंगल गावात त्यानं बांधून घेतलेली गवती छपरांची घरं अजून उभी आहेत.

मृत्युपत्रासाठी प्रोबेटची, म्हणजे न्यायालयानं मंजूर केलेल्या मृत्युपत्रांची, वार्षिक छापील सूची 1858 पासून आहे. तिथला आकडा म्हणजे सगळी संपत्ती असं मानू नका: हयातीत दिलेलं त्यात येत नाही, आणि लंडनच्या विद्यापीठ रुग्णालयाला त्यानं सुमारे 1 लाख पौंड हयातीतच दिले होते. मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. म्हणून कंपनीचे हिस्से कोणाकडे गेले हे प्रोबेटच्या एका ओळीत न शोधता मूळ मृत्युपत्राची प्रत मागवून वाचा.